घाटातलं मोहाचं झाड आणि आपलं भांडण

जमने, तुझ्या नावाची स्पर्धा मी मोडली. आधी हे सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुझं अर्धं लक्ष "मास्तरणीने काय घोळ घातला" यातच अडकून पडणार नाही.

तुला जाऊन पंधरा दिवस होत नाहीत तोवर आपल्या रविवारच्या सायकलवाल्यांची चहाच्या टपरीवर बैठक बसली. आपले मेडिकलवाले नितीनभाऊ, न निवडता झालेले पुढारी, डोळे पुसत म्हणाले, सिस्टरच्या नावाने घाटचढाई ठेवू. येत्या रविवारी सकाळी सहाला राणीपूरहून निघायचं, तोरणमाळच्या माथ्यावर थांबायचं, पहिल्याला करंडक. ऊन चढायच्या आत सगळं आटोपायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या, सर्वांत जोरात मी. खोटं कशाला बोलू? मला तो करंडक हवा होता. तुझं नाव कोरलेला आणि माझ्या कपाटात ठेवलेला.

चार दिवसांनी मीच जाऊन सांगितलं, सकाळी साडेदहाच्या आत घाटात एकही चाक जाणार नाही. घड्याळ लावायचं नाही. करंडक तर नाहीच. नितीनभाऊंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मॅडम, चैतना ऊनमा साडेदहाले कोन चढी? लोके मरतीन ना!" मी म्हटलं, मरा, पण साडेदहाला मरा. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. शाळेसमोरून स्कूटर नेतात तेव्हा मान मुद्दाम पलीकडे वळवतात. बघून घेऊ. घोडामैदान जवळच आहे.

पण हे सगळं मी का केलं, ते तुलाच सांगायला हवं, कारण आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय. त्यात मी एक खोटं बोलले होते. तू असतीस तर मी ते आणखी दहा वर्षं कबूल केलं नसतं, इतकी मी ताठ आहे. आता तू नाहीस, आणि ते खोटं घेऊन मला घाट चढवत नाही.

तू पहिल्यांदा दिसलीस ती आमच्या शाळेच्या फाटकात. मुलांना लस टोचायला आली होतीस. लशीची पेटी मागे बांधलेली, नर्सचा पांढरा कोट वाऱ्याने फुगलेला, आणि खाली ती दांडीची जुनी काळी सायकल, जिच्यावर आमच्या कळसाडीत दुधाचे कॅन जातात. मी नवीनच माझी लाल सायकल घेतली होती. बारीक चाकांची, वाकडं हँडल, गिअर किती ते मलाच नीट माहीत नव्हतं. गुडघ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं म्हणून घेतली, असं घरी सांगितलं होतं. सासूबाई तरीही म्हणाल्याच, "पन्नाशी उनी ना व, आते काय सर्कसमा जाशी?" तू माझी सायकल हाताने उचलून पाहिलीस, परत ठेवलीस आणि म्हणालीस, "हाई ते चिमनीना गत शे. चाली का घाटमा?" मला असा राग आला म्हणून सांगू. म्हटलं, येत्या रविवारी ये, दाखवते.

तू आलीस. त्या दुधवाल्या सायकलवर आलीस. तोरणमाळच्या त्या 'सात पायरी' घाटात, सातव्या वळणावर, मी जीभ बाहेर काढून पोहोचले तेव्हा तू कठड्यावर बसून पाय हलवत होतीस. कानामागून आली आणि तिखट झाली, ती म्हण तुझ्यासाठीच केली असेल. पिशवीतून भाकरी काढलीस आणि भाजलेली कसली तरी तपकिरी फुलं, तिळाबरोबर कुटलेली. मी तोंडात टाकली, गोड लागली, आणि विचारलं काय आहे. तू म्हणालीस, मोह. मी थुंकायच्या बेतात होते. आमच्या घरात तीन पिढ्या कुणी थेंब घेतलेला नाही, आणि आम्हा सपाटीवरच्यांना मोह म्हणजे दारू, एवढंच माहीत. तू इतकी हसलीस की कठड्यावरून पडता पडता राहिलीस. "खाय व, खाय. चढी ते घाटच चढी." मी खाल्लं. पुढच्या रविवारी मीच मागितलं.

सात वर्षं, जमने. सात वर्षांत किती रविवार होतात ते मी मोजणार नाही. तुला मी हप्त्याने तुझी सायकल घ्यायला लावली, निळी. तू मला चढावर गप्प राहायला शिकवलंस. "वर देखू नको. चाकना पुढे दोन हात देख." माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला माथा दिसला पाहिजे, किती राहिलं ते कळलं पाहिजे, आणि घड्याळ तर पाहिजेच. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एका तासाच्या आत, ही माझी सात वर्षांची खाज. एकदाही जमलं नाही. आणि का जमलं नाही याचं खापर मी चैत्रापुरतं तरी तुझ्यावर फोडत आले.

तिसऱ्या वळणावर डाव्या हाताला ते मोहाचं झाड आहे. त्याची अर्धी फांदी रस्त्यावर झुकलेली. होळी उरकली की पहाटेपासून फुलं गळायला लागतात आणि निम्मी डांबरावर पडतात. बाया, त्यात एक म्हातारी, टोपल्या घेऊन दहापर्यंत रस्त्यातच बसून वेचतात. तिथे पोहोचलं की तू सायकलवरून उतरायचीस. उतरून, सायकल हाताने धरून, फुलं चुकवत, एकेक पाऊल टाकत ते वीस-पंचवीस हात चालायचीस. आणि मलाही उतरवायचीस. चढावर एकदा उतरलं की लय गेली, दम गेला, तास गेला. तुला ते कळत होतं. तरी उतरायचीस.

"रस्ता सरकारना शे," मी म्हणायचे.

"रस्ता सरकारना शे. फुले सरकारना नही शेत. झाड त्या डोकरीनं शे."

"मग फांदी रस्त्यावर कशाला येऊ दिली तिने?"

"तुन्हा ऊस ट्रॅक्टरवरथून रस्तावर पडस, तो कोना शे? आंडोरे वढतस तवय तुन्हा सासरा दगड लेईसन पये ना त्यास्ना मांगे?"

सासरे खरंच धावायचे. गळीत हंगामात आमच्या दारावरून उसाच्या ट्रॉल्या जात, पोरं मागे लोंबकळून एकेक कांडं ओढत, आणि सासरे धोतर सावरत शिव्या देत सुटत. तुला हे मीच हसत हसत सांगितलं होतं. तू माझंच हत्यार माझ्यावर चालवलंस.

तू मला बजावलं होतंस की झाडाला मालक असतो. जंगलातलं असो की रस्त्याकडचं, कोणतं झाड कोणत्या घराचं हे सगळ्या पाड्याला ठाऊक असतं, आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. चिरडलेलं फूल वाळत नाही, सडतं, आणि बाकीच्यांना सडवतं. वाळलेलं वर्षभर पुरतं. डाळीत पडतं, बैलाच्या पुढ्यात पडतं, थोडं बाजारात जातं, आणि हो, थोड्याची दारूही होते. नितीनभाऊ एकदा नाशिककडे जाऊन आले होते. द्राक्षाच्या मळ्यांतून सायकली चालवल्या, वाइन चाखली, फोटो काढले. येऊन आपल्याला म्हणाले, आपल्याकडे असं काही पाहिजे. तू शांतपणे म्हणालीस, "आपलाकडे बी तेच शे भाऊ. फक्त आपलं द्राक्ष झाडवरथून पडस नि बाया वाकीसन येचतस." नितीनभाऊंना ते कळलं नाही. मलाही तेव्हा ती एक गंमतच वाटली.

आता गेल्या चैत्रातली सकाळ. त्या दिवशी माझे पाय असे चालत होते की काय सांगू. दुसऱ्या वळणावर घड्याळ पाहिलं आणि कळलं, आज तास मोडतो. तू माझ्या मागे दहा हात. तिसरं वळण आलं. फुलांचा सडा, तीन-चार बाया बसलेल्या. तू मागून ओरडलीस, "उतर!" मी उतरले नाही. उभी राहिले पेडलवर आणि मधून घातली सायकल. बाया बाजूला सरकल्या, कुणीतरी ओरडलं, चाकाखाली फुलं फुटल्याचा तो ओला आवाज आला आणि मी पार झाले.

त्या दिवशी मी एकसष्ट मिनिटांत पोहोचले. एकसष्ट! एवढं करून एक मिनिट कमी पडलं. तू माथ्यावर पाऊण तास उशिरा आलीस. सायकल टेकवलीस, पाणी प्यायलीस आणि मला एकच विचारलंस.

"डोकरीना हात दिसना नही का तुले?"

मी म्हटलं, "नही दिसना."

जमने, दिसला होता.

म्हातारीचा हात डांबरावर होता, फुलं गोळा करत पसरलेला. काळी सुरकुतलेली बोटं आणि करंगळीत तांब्याचं वळं. माझं चाक त्या हातापासून जेमतेम चार बोटं अंतरावरून गेलं. मी तो हात पाहिला, वळं पाहिलं, आणि चाक वळवण्याऐवजी सरळ धरलं, कारण वळवलं असतं तर पडले असते आणि तास गेला असता. एका श्वासात मी हा सगळा हिशेब केला. गणित शिकवते ना मी. आणि मग तुझ्या तोंडावर सांगितलं, नही दिसना. तू माझ्याकडे बघितलंस, आणि मला तेव्हाच कळलं की तुला कळलंय. तू सायकल उचललीस आणि एकटी उतरून गेलीस.

पुढचे तीन रविवार तू आली नाहीस. मी म्हटलं, रुसलीय. रुसू दे. मीही काही कमी नाही. मी मुद्दाम प्रकाशा गावाच्या सपाट रस्त्याने जायला लागले, तापीच्या कडेने, जिथे कुणी उतर म्हणत नाही. खूप वेगात जायचे आणि काही मजा यायची नाही. चौथ्या रविवारी तू लोणखेड्याच्या चौफुलीवर उभी होतीस, जसं काही झालंच नाही. "चाल," म्हणालीस. मी निघाले. झालं, एवढाच आपला समेट. ना तू विषय काढलास, ना मी. त्यानंतर आपण वर्षभर घाट चढलो, भजी खाल्ली, पावसात वळणावर पडलो, तू माझं ढोपर बांधलंस, मी तुझ्या मुलीच्या बारावीच्या गणिताचा तास घेतला. सगळं बोललो. तेवढं सोडून.

मला वाटायचं, पुढच्या चैत्रात बोलू. फुलं पडली की तिथे उतरून म्हणेन, हं, चुकलं माझं. मनात वाक्यसुद्धा तयार होतं. चैत्र आला आणि तू नव्हतीस. सगळ्या तालुक्याचं बीपी मोजत फिरलीस आणि स्वतःच्या दंडाला पट्टा बांधायला तुला सवड झाली नाही. मला रडू येतं त्यापेक्षा राग जास्त येतो तुझा. कुणाला सांगू? नर्स असून असं करतं का कुणी?

तर गेल्या गुरुवारी, स्पर्धेचा रस्ता पाहून येते म्हणून मी एकटीच निघाले. सुट्टी टाकली. खरं म्हणजे रस्ता पाहायचा नव्हता, मला सहाच्या गारव्यात एकदा घड्याळ लावून बघायचं होतं. सराव. दुसरं वळण चांगलं गेलं. तिसऱ्यावर आले, आणि पाय आपोआप थांबले. कुणी उतर म्हटलं नाही. म्हणणारं कुणी नव्हतंच. मी उतरले.

त्या दिवशी झाडाखाली म्हातारी एकटीच होती. मी सायकल हाताने धरून, फुलं चुकवत, तुझ्यासारखी एकेक पाऊल टाकत चालले. तिच्यापाशी आले तेव्हा तिने मान वर केली.

"तू तीच ना व, लाल गाडीवाली?"

अहिराणीत बोलली. सात वर्षं तू तिच्याशी पावरीत, डोंगरातल्या बोलीत, बोलायचीस आणि मी बाजूला उभी राहून घड्याळ बघायचे, मला वाटायचं तिला आपली भाषा येत नाही. ती दर हिवाळ्यात मिरची तोडायला आमच्याच बाजूला उतरते, जमने. तिला कळसाडी ठाऊक आहे. आमचं शेत ठाऊक आहे. मीच कधी तिच्याशी बोलले नव्हते.

मी म्हटलं, "हा माय, मीच ती." आणि जे तुला सांगायचं होतं ते तिला सांगितलं. की मला तिचा हात दिसला होता. दिसूनही चाक वळवलं नव्हतं. माझी चूक झाली. पाठ केलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं, तुटक तुटक बोलले, नाक पुसलं. ती ऐकत होती आणि वेचत होती. तिचा हात थांबला नाही.

मग म्हणाली, "माले ठाऊक शे. तुन्ही बहीननी सांगं."

"कधी?"

"दुसराच रविवारले. उनी, टोपली मांगी, बठनी नि येचाले लागनी. मी म्हनं, ऱ्हाऊ दे व माय, तू सिस्टर शे. ऐकं नही तिनी. तीन रविवार उनी. मन्ही मैतरीननी नासाडी करी, म्हने, मी भरी देस."

माझी सायकल हातातून सुटली आणि कठड्यावर पडली. उचलायचंही सुचलं नाही मला. तीन रविवार. मी तापीच्या कडेने फुरंगटून सायकल हाणत होते आणि तू इथे डांबरावर बसून माझ्या चाकाखालची फुलं भरून देत होतीस. आणि चौथ्या रविवारी येऊन नुसतं "चाल" म्हणालीस. बये, एक शिवी तरी द्यायचीस! निदान मला कळलं असतं. तू मला मैत्रीण म्हणालीस तेही मी तिच्या तोंडून ऐकायचं?

म्हातारीने टोपली हलवून फुलं सारखी केली आणि विचारलं, "ती कोठे शे? यंदा उनी नही."

तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दवाखान्यातल्यांनी तुझा फोटो लावला, आपल्या मंडळाने करंडक ठरवला, मी वर्गात पोरांना दोन मिनिटं उभं केलं. या झाडापर्यंत कुणी आलं नव्हतं. मी रस्त्यात तिच्यासमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, "माय, ती गयी." तिला वाटलं, बदली झाली. "कोनता गावले?" मग मी मान हलवली आणि तिला कळलं.

तिचा हात थांबला. तेवढ्यापुरता. वरून टपटप फुलं पडत होती, तिच्या डोक्यावरच्या लुगड्यावर, माझ्या हेल्मेटवर. तिने पावरीत काहीतरी म्हटलं, मला नाही, झाडाकडे बघत. काय म्हणाली ते मला कळलं नाही, आणि सांगायला तू नव्हतीस. मग तिने आपल्या मागची रिकामी टोपली पुढे ओढली आणि माझ्याकडे सरकवली. रस्त्याच्या कडेची एक जागा हाताने झाडून साफ केली.

"आठून येच," त्या जागेवर हात ठेवून म्हणाली. "ती आठेच बठे."

मी बसले. हेल्मेट काढून ठेवलं आणि वेचायला लागले. पहिल्यांदा फुलं बोटांत चिरडत होती, तिने हात धरून दाखवलं. दहापर्यंत वेचलं, टोपली अर्धीसुद्धा भरली नाही.

पाठ मोडते गं, जमने. बोलली नाहीस कधी.